फरक नाही

आमच्या संगणकाच्या वर्गात एका पडद्यावर बोटाचा ठसा उमटलेला आहे. मी तो अजून पुसलेला नाही.

जीवशास्त्राच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवताना उदाहरण त्यांच्याच विषयातलं असावं, म्हणून मी सिकलसेलचं घेतलं. आमच्या गडचिरोलीकडे रक्ताचा हा आनुवंशिक आजार सगळ्यांना माहीत. वरच्या ओळीत निरोगी जनुकाची अक्षरं, खालच्या ओळीत आजारी जनुकाची. संगणकानं एकेक अक्षर ताडून पाहायचं आणि वेगळं सापडलं तर ‘फरक आहे’, नाहीतर ‘फरक नाही’ असं सांगायचं. अख्ख्या ओळीत चुकलेलं अक्षर एकच. इतकं सुबक उदाहरण सापडलं म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

वर्गातल्या सुनंदानं त्या अक्षरावर बोट टेकवलं. मग ते खोडून तिथं वरच्या ओळीतलं अक्षर टाकलं आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पडद्यावर आलं, ‘फरक नाही’.

"इथं बदलता येते, सर," ती म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ याच आजारानं दवाखान्यात आहे, हे मला नंतर कळलं. एका अक्षराच्या चुकीवरून मी मुलांवर रोज डाफरतो. शरीरावर डाफरून काय उपयोग? तिथं खोडायची सोय नाही.

सोमवारी ती वर्गात आली तेव्हा मी विचारलं, "भाऊ कसा आहे?"

संगणक सुरू करता करता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "फरक नाही, सर."