माऊसची निळी रेघ

माझा हात थरथरायला लागला तेव्हा मी पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करत होते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. ते काम सुटलं. रोह्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कारखान्याच्या मालकाने ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची दिली. मूर्तींचे फोटो टाकायचे, ऑर्डरी उतरवून घ्यायच्या. "उपाशी थोडीच मारनार हाय तिला," असं तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्यादेखत सांगायचा. माझं डोकं फिरायचं. पण घरात कमावणारी मी एकटीच, म्हणून ती खुर्ची मी घट्ट धरून बसले होते.

मग मालकाचा भाचा रोह्याहून ऑफिस सांभाळायला आला. तिकडे एका कंपनीत होता; तिथून का सुटला ते कुणी विचारलं नाही. आल्या आल्या त्याने सगळ्या मशीनवर एक नवा प्रकार घातला. माऊसचं उजवं बटण दाबून धरायचं आणि पडद्यावर रेघ ओढायची. डावीकडे ओढली की मागचं पान, उजवीकडे ओढली की पुढचं, खाली ओढून उजवीकडे वळवली की पान बंद. रेघ निळी उमटते, बटणावरचं बोट उचललं की काम होतं. बारीक बारीक चिन्हं शोधत बसायला नको.

खरं सांगते, मला ते आवडलं. सकाळी गोळीचा अंमल असेपर्यंत माझी रेघ त्या भाच्यापेक्षा सुबक यायची आणि ऑर्डरी भराभर उरकायच्या. दुपारी मात्र गोळी उतरायची. मागचं पान हवं म्हणून डावीकडे निघालेला हात मधेच खाली घसरायचा, उजवीकडे वळायचा, आणि अर्धी भरलेली ऑर्डर गायब. मग गिऱ्हाइकाला पुन्हा फोन करून पत्ता विचारा आणि बोलणी खा.

"माझ्या मशीनवरचं तेवढं बंद कर रे," मी भाच्याला म्हटलं. एका क्लिकचं काम होतं.

"नाय काकू. सगल्यांना एकच सिस्टीम," तो म्हणाला, आणि त्याने रंगवणाऱ्यांना हाक मारली. "या रे, काकूंची आखणी बघायला या!"

आले सगळे, हातातले ब्रश तसेच घेऊन. त्यातल्या निम्म्यांचा हात धरून मी त्यांना डोळे काढायला शिकवलं होतं. तेच जास्त हसले.

पुढे मी डाव्या हाताने उजवं मनगट आवळून रेघ ओढायला लागले. भाच्याने ते मालकाच्या कानावर घातलं. मालकाने मला बोलावून सांगितलं, "सोमवारी दुपारी माज्यासमोर काम करून दाखव. नाय जमलं तर घरी बस."

सोमवारी जेवण झाल्यावर मी एकीच्या जागी दोन गोळ्या घेतल्या. तसं अजिबात करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोंडाला कोरड पडली, डोकं गरगरलं, पण हात दगडासारखा स्थिर झाला. मालक मागे उभा, भाचा मोबाईलवर व्हिडिओ काढतोय. मागे, पुढे, बंद, पुन्हा मागे. एकही रेघ चुकली नाही. भाच्याचं उतरलेलं तोंड बघून मला असा आनंद झाला की एक कानाखाली ठेवून द्यावीशी वाटली.

मालक म्हणाला, "हात तर बरा झाला गो तुजा! आनि मी आखणीला मानसं शोधत फिरतोय. उद्यापासून मूर्तीवर बस."

हात गोळ्यांनी स्थिर राहिलाय, दोन घेतल्यात, असं मी त्याला सांगितलं.

"मग रोज दोन घे," मालक म्हणाला आणि निघून गेला. माझ्या खुर्चीत संध्याकाळपर्यंत दुसरी बाई बसली.

दुसऱ्या दिवशी मी दोन घेतल्या. थोड्याच वेळात गोळ्यांसकट सगळं ओकून पडलं. तरी मालक म्हणाला म्हणून ब्रश धरला. एका मंडळाची मोठी मूर्ती होती. डाव्या डोळ्याची रेघ निसटून थेट गालापर्यंत गेली.

मालक धावत आला. भाच्याने मोबाईल काढून सोमवारचा व्हिडिओ सगळ्यांसमोर लावला. एकामागून एक सरळ निळ्या रेघा. "मनात असलं की कशी जमते बघा," तो म्हणाला.

"माज्या मूर्तीवर कसला राग काढतेस गो?" मालकाने मला विचारलं. मी शिकवलेले सगळे आपापल्या मूर्तीकडे वळले.

त्यानंतर पेणमधल्या दुसऱ्या कुठल्या कारखान्यात मला कुणी उभं केलेलं नाही. हात आजारी आहे म्हणून साधं काहीतरी काम मागायला गेले, की लोक मलाच भाच्याने गावभर पाठवलेला तो व्हिडिओ दाखवतात.