चार अक्षरी पाहुणा

ताज्या शाईचा वास आला की परळच्या आमच्या दैनिकाच्या कचेरीतली एक दुपार आठवते. शब्दकोड्यातल्या ‘पाच वर्षांतून एकदा चाळीत येणारा पाहुणा, चार अक्षरे’ या शोधसूत्राचा जाब विचारायला एका राजकीय पक्षाचे चौघे आले होते. संपादकांनी कोडे रचणाऱ्या काकांना केबिनमध्ये घेतले. “उत्तर धूमकेतू आहे म्हणा, नाहीतर सदर जाईल.” “उभ्या शब्दांशी जुळत नाही, साहेब,” काका म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी चौघांना अक्षरे नीट जुळवून दाखवली: आमदार. “म्हाताऱ्या, वर आम्हालाच शिकवतोस?” एकाने अंक फाडला. संध्याकाळी सदर बंद झाले. दुसऱ्या दिवशी उत्तर छापले नाही. एकाही वाचकाने ते विचारले नाही, काकांबद्दलही नाही. आता मी संपादक आहे. कोडी बाहेरून तयार येतात, आणि छापण्याआधी मी ती सोडवून पाहतो.