शालिकरामजींचा जावई आणि चिमूटभर युरेनियम

नागपूरच्या हुडकेश्वरात शालिकरामजींकडे कोणी चहाला गेलं, की आधी कोळशाच्या गोष्टी मिळायच्या, मग चहा. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या वॅगनी रिकाम्या करून घेण्यात त्यांची नोकरी सरली होती. रिटायर झाले तरी माणसं मोजायचं त्यांचं माप वॅगनच राहिलं. मेव्हण्यानं एका लग्नात लांबलचक भाषण ठोकलं, तेव्हा यांचा शेरा तयार, "वॅगन आली गा, पण रिकामी."

अशा माणसाच्या पोरीनं, हर्षानं, आपल्या मनानं मुलगा पसंत केला. आयुष त्याचं नाव. उमरेडच्या विणकराचा नातू, मुंबईला संशोधनात. काम काय, तर समुद्राच्या पाण्यातून अणुभट्टीसाठी युरेनियम काढणं. हर्षानं बापाला स्वच्छ सांगितलं, "तुमी नाही म्हटलं तर मी करणार नाही. पण मग दुसरा पोरगा दाखवू नका."

बापाचीच पोर ती.

शालिकरामजींची धास्ती वेगळी होती. उद्या गल्लीत कोणी विचारलं, जावई काय करते, तर सांगायचं काय?

रविवारी सकाळी आयुष आला. हर्षाच्या आईनं, भागीरथाबाईंनी, झणझणीत तर्री-पोहे पुढे ठेवले. त्याचा पहिला घास खाली उतरायच्या आत शालिकरामजी सुरू.

"तुमी समुद्रात दोऱ्या सोडून राहिले म्हणते."

"हो काका. खास धाग्याच्या वेण्या. पाण्यात विरघळलेलं युरेनियम त्याले चिकटते. मग धागे आम्लात धुवून ते काढून घेतो."

"आजा धोतरं विणे, नातू समुद्राले झालर लावते," शालिकरामजी बायकोकडे पाहून म्हणाले. "बरं, माल किती निघते? वॅगनीत सांगा."

हर्षानं डोळे मिटून घेतले.

"वॅगन नाही, काका."

"मंग ट्रक?"

"नाही."

"पोतं तरी?"

तर्रीनं आयुषचं नाक वाहत होतं. ते पुसत तो म्हणाला, "सहा महिन्यांत चिमूटभर."

"अवं माय," स्वयंपाकघरातून भागीरथाबाई म्हणाल्या, "त्याच्यासाठी मुंबईले जा लागते?"

शालिकरामजी मनातून खूश. नकाराला याहून चांगलं निमित्त काय हवं? तरी शेवटचा खिळा ठोकावा म्हणून त्यांनी विचारलं, "काहून करून राहिले मंग? अन् त्या चिमटीतून वीज किती निघन?"

दुसरा कोणी असता तर अख्खं नागपूर उजळवून मोकळा झाला असता. टेबलाखालून हर्षाचा पाय तेच सुचवत होता. पण हा भोळा छताकडे पाहत हिशेब करत बसला.

"जमिनीतलं कमी पडलं तर समुद्र कामी येईल, म्हणून करतो. सध्या लय महाग पडते. अन् वीज म्हणाल, तर घमेलंभर कोळशाइतकी." पुन्हा छताकडे पाहून तो म्हणाला, "घमेलं जरा लहान धरा."

शालिकरामजींचा चमचा हवेतच राहिला.

स्वयंपाकघरातून हसू फुटलं. भागीरथाबाई पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या.

"सांगा ना आता पोरीले, माझ्या बापाले तुमी काय सांगतलं होतं ते."

"तू गप राह्य वं."

"काहून गप राहू? हर्षे, तुझे बाबा मले पाहाले आले, तेव्हा बाबुजीनं विचारलं, काम काय करता. तर म्हणे, वॅगनींचा कारभार पाहतो. अन् तेव्हा होते ठेकेदाराकडे. वॅगनीखाली सांडलेला कोळसा घमेल्यानं उचलत होते. लग्न झाल्यावर घमेलं दिसलं मले."

हर्षा बापाकडे पाहतच राहिली. ही गोष्ट खापरखेड्याच्या कॉलनीतसुद्धा कोणाला ठाऊक नव्हती. आता तुम्हाला आहे.

शालिकरामजींनी चमचा खाली ठेवला. आयुषला एकदा नीट न्याहाळलं.

"मी घमेल्याची वॅगन करून सांगतली," ते हळूच म्हणाले. "अन् हा पोट्टा घमेलं सांगते, तेही लहान." मग जरा खाकरून, नेहमीच्या आवाजात, "हर्षा, पाहून काय राहिली? जावयाच्या ताटात तर्री वाढ."

आयुषचं नाक अजून वाहतच होतं, पण त्यानं ताट पुढे केलं.

हल्ली त्यांच्याकडे कोळसा लवकर आटोपतो आणि चहाआधी समुद्र येतो. जावयाचा माल किती निघतो, असं कोणी खोचकपणे विचारलंच, तर शालिकरामजी दोन्ही हातांनी माप दाखवतात, "एवढं घमेलं."

हात मात्र दर वेळी एकमेकांपासून थोडे लांब जातात.