गणोजीचा उसना चेहरा

गणोजी दिसायला कोणत्या हिरोसारखा आहे, ते मी सांगणार नाही. त्या हिरोचं नाव माझ्या तोंडून निघालं की आमची रुक्मिणी म्हणते, झालं तुमचं सुरू. देवासला कोणालाही विचारा, तो सांगेल. वर गणोजीच्या दुकानापर्यंत सोडायलाही येईल.

देवीच्या टेकडीखाली आमची दोघांची दुकानं समोरासमोर आहेत. माझं केस कापायचं, त्याचं जळालेल्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं. आमचे पूर्वज पवारांच्या फौजेमागोमाग बरोबरच इकडे माळव्यात आले म्हणतात, आणि शाळेत आम्ही एकाच बाकावर होतो. तेव्हा हा अगदी साधा होता. नाकात बोलायचा, कान पुढे आलेले. मास्तरांना त्याचं नावसुद्धा लक्षात राहायचं नाही, माझं राहायचं. पुढे मुंबईत एक नवा हिरो आला, त्याचा सिनेमा चालला, आणि एके दिवशी सगळ्या देवासला कळलं की हा तर आपला गणोजी. माझं पोट तेव्हापासून दुखतंय.

दुखणारच. नाक, डोळे देवाने दिले असतील, मान्य. पण केस माझे आहेत. हिरोचा नवा सिनेमा लागला की मी पदरच्या पैशाने तिकीट काढून जायचो आणि गोष्ट सोडून त्याच्या डोक्याकडे बघत बसायचो. भांग कुठून काढलाय, कानामागे किती ठेवलेत, मिशीचं टोक कुठे संपतं. दुसऱ्या दिवशी तेच सगळं गणोजीच्या डोक्यावर उतरवायचं. पुढे आलेले ते कान झाकायला मला जी अक्कल लावावी लागली, ती त्याला जन्मात कळणार नाही. आणि मग साडीच्या दुकानाचं उद्घाटन कोणाच्या हस्ते? गणोजीच्या. धारला मोबाइलचं शोरूम, राजगढला व्यायामशाळा, लग्नाच्या वराती, सगळीकडे गणोजी. कैची माझी आणि हार त्याच्या गळ्यात.

माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. तो वाईट नाही. कुठूनही आला तरी पेढ्याचा पुडा आधी माझ्या दुकानात. "बापू, तुझ्या हाताची कमाल आहे भिया," असं चारचौघांत म्हणायचा, आणि ते ऐकून लोक त्याच्याच मोठेपणाचं कौतुक करायचे. कोणी "हिरो" म्हणून हाक मारली की तो आधी हनुवटी खाली घ्यायचा आणि मग सावकाश नजर वर करायचा, हिरो करतो तशी. पोरं वेडी व्हायची. एकदा दुकान बंद केल्यावर मी आरशासमोर तसं करून पाहिलं. मान लचकली.

मग त्या हिरोच्या जाहिराती सुरू झाल्या. फोनवर खेळायचा जुगारच तो, पण जाहिरातीत त्याला जुगार म्हणत नसत, खेळ म्हणत. संघ लावा, पैसे लावा, जिंका. क्रिकेटचा सामना लागला की प्रत्येक षटकानंतर हा हजर. एका पोराच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "मी आहे ना, घाबरतोस काय? खेळ." खाली मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी यायचं आणि एक माणूस श्वास न घेता भराभर सांगायचा की सवय लागू शकते, जोखीम तुमची. माझ्या दुकानातले लोक तोंडाला साबण लावून तेही ऐकायचे आणि हसायचे.

माझा मुलगा अंकित मात्र हसायचा नाही, नुसता बघायचा. तो कारखान्यात नोकरीला आहे. तोपर्यंत त्याने खेळाला हात लावला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. हात लावला तो नवरात्रात.

टेकडीवर दर्शनाला गावोगावचे लोक येतात. अमझेऱ्याहून येतात, पार डहीहूनही येतात. त्यांच्यासाठी पायथ्याशी त्या खेळवाल्यांनी एक मांडव टाकला. इंदूरहून त्यांचा माणूस आला, गणोजीला जाहिरातीतल्यासारखं लाल जॅकेट दिलं आणि मांडवात उभं केलं. केस अर्थात मी केले. लोक देवीचं दर्शन घेऊन उतरले की हा हनुवटी खाली घ्यायचा, नजर वर करायचा, खांद्यावर हात टाकायचा आणि तेच वाक्य म्हणायचा. बाजूची दोन पोरं लगेच लोकांच्या फोनमध्ये तो खेळ घालून द्यायची. अंकित कामावर जाता जाता थांबला. टीव्हीतल्या माणसाचा हात त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. गणोजीचा पोचला.

पुढचं लांबवत नाही. आधी पगार महिनाअखेरपर्यंत पुरेनासा झाला. मग मोटरसायकल दिसेना. विचारलं तर म्हणे मित्राकडे आहे, आणि मित्र म्हणे विकली. नंतर तो पाळीला दांड्या मारायला लागला आणि कारखान्याच्या साहेबाने सांगितलं, आता पुन्हा चुकलास तर येऊच नकोस. पोरगा जेवताना फोन, अंघोळीला जाताना फोन, आई बोलत असताना फोन. आमच्या घरातला पोरगा डोळ्यांदेखत नाहीसा होत होता.

मी समजावलं. रागावलो. एकदा फोन हिसकावूनही घेतला.

"पप्पा, तुम्हाला नाही समजणार," तो म्हणाला. "इतना बडा आदमी है, झूठ काहे को बोलेगा? त्याला काय कमी आहे?"

"आणि मी खोटं बोलतोय?"

"तुमची बात अलग आहे."

काय अलग आहे? याचं जावळ मी काढलं. याला खांद्यावर बसवून टेकडी चढलो. आणि याने ज्याच्यावर विश्वास टाकला, त्या माणसाला अंकित नावाचा कोणी आहे हे ठाऊकसुद्धा नाही. शेताच्या बांधावरून भाऊबंदाचा राग यावा तसा मला मुंबईच्या त्या हिरोचा राग यायचा. टीव्हीकडे बघताना पोराच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते माझ्याकडे बघताना कधी आलं नाही. ते मला हवं होतं. उगाच का खोटं बोलू?

रुक्मिणी म्हणाली, "गणोजी भाऊजींना सांगा. त्यांचं ऐकेल तो."

"आता त्याच्या पाया पडू? नादाला लावलं कोणी त्याला? त्यानेच ना?"

"म्हणूनच सांगतेय."

"मी नाही बोलणार."

"नका बोलू," ती म्हणाली. "मग मी बघते."

चंपाषष्ठी आली. आमच्या घरी त्या दिवशी खंडोबाची तळी भरतात. ताटात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, नारळ, भंडारा, म्हणजे हळद, आणि ते ताट पाच पुरुषांनी मिळून 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत तीनदा उचलायचं. माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या पाचांत गणोजी असतो, तो काही मला काढता येत नाही. त्या वर्षी मी, अंकित, माझा पुतण्या मनन, शेजारचे म्हातारे दत्ताजी आणि तो. आमच्यात अजून एक पक्कं आहे. तळी हातावर असताना जे बोलाल ते मल्हारीसमोर बोललात. मागच्या पिढीत सोयरिकी आणि भांडणं याच ताटावर मिटायची, कारण ताटाला हात असताना खोटं बोलायची कोणाची छाती नव्हती. बायका मात्र तेव्हा काही बोलत नाहीत, त्या आरती घेऊन मागे उभ्या असतात.

तिसऱ्यांदा ताट वर गेलं. आम्ही खाली ठेवणार, तेवढ्यात मागून रुक्मिणी म्हणाली, "थांबा. खाली ठेवू नका."

दत्ताजी तिच्याकडे बघतच राहिले. मी डोळे वटारले, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"अंकित, तो खेळ सोडतोस का? देवासमोर सांग."

अंकितने मान खाली घातली. "मला काय विचारतेस? काकांना विचार ना. त्यांनीच बोलले होते, खेळ म्हणून."

ती गणोजीकडे वळली. "भाऊजी, तुम्ही स्वतः खेळलात का हो तो खेळ? कधी तरी?"

गणोजीने सवयीने हनुवटी खाली घेतली. मला वाटलं, आता नजर वर येणार आणि काहीतरी डायलॉग निघणार. पण नजर वर आलीच नाही, ताटावरच राहिली.

"नाही वहिनी," तो म्हणाला.

"एकदाही नाही?"

"माझ्या फोनमध्ये तो नाहीच आहे. त्यांनी जॅकेट दिलं, काय बोलायचं ते शिकवलं. मी बोललो."

"मग पोराच्या खांद्यावर हात कशाला टाकलात?"

"टीव्हीत तो टाकतो ना," गणोजी म्हणाला. आवाज पुन्हा शाळेतल्यासारखा नाकात गेला होता.

 दत्ताजींच्या बाजूने ताट खाली झुकायला लागलं होतं आणि नारळ तिकडे सरकत होता. मग अंकितने विचारलं, "आणि तो? तो तर खेळत असेल ना काका?"

"कोण?"

"टीव्हीवाला."

"मला कुठे माहीत भिया," गणोजी म्हणाला. "पण मला जसं जॅकेट दिलं तसं त्यालाही दिलं असेल. त्याचं महागाचं असेल. तो काही या ताटाला हात लावायला यायचा नाही. मी आहे, तर मी सांगतो. मी तुला खोटं बोललो. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, आणि तरी मी तुला म्हटलं, मी आहे ना."

अंकितच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही हात ताटाला असल्यामुळे त्याला ते पुसता येईना. "ताट ठेवू या," तो म्हणाला, "दत्ताजी आजोबा थकले." आम्ही ताट ठेवलं. अंकितने चिमूटभर भंडारा घेतला, आधी गणोजीच्या कपाळाला लावला, मग स्वतःच्या.

"सोडलं काका," तो म्हणाला.

पप्पा नाही म्हणाला. काका म्हणाला. त्याच ताटाची एक बाजू मी धरली होती, माझ्या बोटांना अजून हळद होती. पोरगा वाचला म्हणून मला रडायला येत होतं आणि तो दुसऱ्याच्या शब्दावर वाचला म्हणून अंगाची आग होत होती. त्याच्या सांगण्यावरून पडला, त्याच्या सांगण्यावरून उठला, आणि मधल्या सगळ्या वेळात बाप म्हणून माझं काही काम नव्हतं. भरीत-भाकरीचं ताट रुक्मिणीने पुढे केलं तेव्हा मी नुसती भाकरी कुस्करत बसलो. गणोजी मात्र दोनदा भरीत मागून जेवला.

अंकितने शब्द पाळला. फोनमधून तो खेळ त्याच दुपारी गेला आणि सोमवारी तो वेळेवर कामावर गेला. पुढच्या वर्षी सरकारनेच असल्या खेळांवर बंदी आणली, जाहिराती बंद पडल्या. तो हिरो आता सिमेंटची जाहिरात करतो. त्याला ताटापुढे उभं करून कोणी काही विचारलं असं माझ्या ऐकिवात नाही.

गणोजी मात्र चंपाषष्ठीच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात आला आणि खुर्चीत बसला.

"बापू, काढ सगळं."

"सगळं म्हणजे?"

"केस, मिशी. सगळं. आता नको हे."

इतकी वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होतो, आणि बघा, तो आपण होऊन आला. मी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, मशीन चालू केलं. माझ्याच हातची कारागिरी होती, पण मला जराही वाईट वाटलं नाही. भांग गेला, कानांवरची झुलपं गेली, मग मिशी. कान पुढे आले. आरशात शाळेतल्या माझ्या बाकावरचा तो जुना गणोजी बसला होता, ज्याचं नाव मास्तरांना लक्षात राहायचं नाही. मनात म्हटलं, आता घाला हार.

अंकित माझा डबा घेऊन आला होता, मागे बाकावर बसला होता. तो उठला. माझ्या खांद्यावरचा टॉवेल त्याने घेतला आणि गणोजीच्या मानेवरचे केस हळूहळू झटकले.

"चाय मंगवू काका?"

"मागव," गणोजी म्हणाला. "बापूलाही."

आरशात हिरोसारखं आता काही उरलं नव्हतं. तरी माझा मुलगा टीव्हीकडे बघायचा तसा त्याच्याकडे बघत होता, आणि माझं पोट पूर्वीइतकंच दुखत होतं.