एकहाती

प्रेसवाले काका चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. कप म्हणजे कॉलेजसमोरच्या टपरीवरचा कागदी, दोन घोटांचा. तोही ओंजळीत देवाचं तीर्थ धरावं तसा. दार लावायचं तर दोन्ही हातांनी, मोबाइल दोन्ही हातांनी, पुस्तकाचं पान उलटायचं तरी दुसरा हात पुस्तकावर सपाट. मला आधी वाटलं, यांचा हात थरथरत असेल. वही पाहिली तर अक्षर छापल्यासारखं. मग वाटलं, असेल काही देवधर्माचा नेम. शेवटी सरळ विचारलं. म्हणाले, "सवय हाय ताई. एक हात मोकळा सोडला की कुठं जाईल, सांगता येत न्हाई."

तीन वर्षांच्या एलएल.बी.चा वर्ग म्हणजे आधी भलतंच काही शिकून आलेल्यांची धर्मशाळा. हिंजवडीत रात्रपाळी करून थेट वर्गात येणारी दोन-चार मुलं, एक दातांची डॉक्टर, एक निवृत्त बँकवाले. मी बी.कॉम., भोसरीच्या एका कारखान्यात खरेदी विभागात, शिवाय पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीची सचिव. सोसायटीची जमीन बिल्डरकडून नावावर करून घेताना वकिलांनी इतकं फिरवलं, की आपणच शिकलेलं बरं, असं ठरवून मी प्रवेश घेतला. कुठला विषय कोणी वाचायचा, नोट्स कोणी आणायच्या, हजेरी कोणाची कमी पडते, या सगळ्या याद्या अर्थातच माझ्याकडे आल्या. त्यात काकांच्या नावापुढे मला कधी फुली मारावी लागली नाही.

काका मूळचे लातूरकडचे, बी.एस्सी. झालेले. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपचे, म्हणजे दाबयंत्रांच्या विभागाचे, सुपरवायझर. सकाळच्या वर्गाला येता यावं म्हणून त्यांनी कायमची दुसरी शिफ्ट मागून घेतली होती. ओळख करून देताना "प्रेसला असतो" एवढंच म्हणाले, तर हिंजवडीचा सौरभ खूश झाला.

"काका, कुठला पेपर?"

"पेपर न्हाई बाळा. पत्रा."

"म्हणजे... इस्त्री?"

"इस्त्रीच म्हण. अडीचशे टनाची. घडी एकदम कडक पडती."

त्या दिवसापासून ते प्रेसवाले काका.

कायद्याच्या पुस्तकाशी ते ड्रॉइंग वाचल्यासारखे वागायचे. प्रत्येक शब्दावर बोट, आणि मग शंका. अपकृत्यांच्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याच्या, तासाला 'वाजवी माणूस' आला. म्हणजे नेमक्या त्या प्रसंगी एखादा सर्वसाधारण, समंजस माणूस कसा वागला असता, या मापानं कायदा निष्काळजीपणा मोजतो. काकांनी हात वर केला. "सर, हा वाजवी माणूस कोणत्या शिफ्टला असतो?" वर्ग हसला. काका हसले नाहीत. "न्हाई, मी पंचवीस वर्षं शोधायलोय. महिनाअखेरीला, टार्गेट राहिलेलं असताना, तो कायम रजेवर असतो."

परीक्षेसाठी ते कलमं मोबाइलवर वाचून ध्वनिमुद्रित करायचे आणि आम्हा सगळ्यांना पाठवायचे. मी कंपनीच्या बसमध्ये ती ऐकायची. इंग्रजी कलम, त्याचा लातुरी उच्चार, आणि खाली शेरा. "ताई, हे येणार परीक्षेला, लिहून ठेवा." मागे कुठेतरी काकूंच्या कुकरची शिट्टी.

दुसऱ्या वर्षी पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या मॅडमनी वर्गात खोटं न्यायालय भरवलं. खटला एका कामगाराचा. यंत्रात बोटं तुटलेली, भरपाई हवी. चिठ्ठ्या टाकल्या. सौरभ कामगार झाला आणि काका कंपनीचे वकील. सौरभनं अभिनय म्हणून उजवा हात शर्टाच्या आत लपवला होता. काकांनी त्याकडे पाहिलं आणि क्षणभर टेबल दोन्ही हातांनी धरलं. मग सुरू झाले.

"दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय ही प्रेस खाली येत नाही, खरं?"

"खरं."

"ही सोय का, तर दोन्ही हात बाहेर राहावेत, खरं?"

"खरं."

"मग प्रेस खाली आली तेव्हा उजवा हात आत कसा?"

सौरभ कागद चाळून म्हणाला, "एक बटण पट्टीनं बांधून ठेवलं होतं."

वर्गानं बाकं वाजवली. खटला संपल्यात जमा होता. सुरक्षेची सोय कामगारानंच मुद्दाम निकामी केली, हे त्याच्याच तोंडून निघालं, की कंपनी भरपाईतून सुटायला मोकळी. काकांनी बसायला हवं होतं. ते उभेच राहिले.

"बांधायला तुला कोणी सांगितलं?"

सौरभच्या कागदात याचं उत्तर नव्हतं. मॅडमच मध्ये पडल्या. "काका, अहो तुमचं अशील कंपनी आहे! जिंकलेला खटला घालवताय. ज्याचं उत्तर माहीत नाही, तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नसतो."

"उत्तर म्हाईत हाय मॅडम," काका म्हणाले आणि बाहेर गेले.

मी मागोमाग गेले. टपरीपाशी त्यांनी सगळं सांगितलं, थांबून थांबून. बालाजी त्यांच्या गावचा. त्यांनीच त्याला चाकणला आणला, कामाला लावला. प्रेस शॉपमध्ये एक शब्द चालायचा, एकहाती. एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं दाबून बांधायचं, म्हणजे एका हातानं प्रेस चालवता येते आणि दुसरा हात माल आत-बाहेर करायला मोकळा. माल भराभर निघतो. नियमात हे बसत नाही, म्हणून कोणी "बटण बांध" असं म्हणत नाही. महिनाअखेरीला सुपरवायझर मशीनमागून जाताना नुसतं म्हणतो, "आज एकहाती काढा रे." त्या दिवशी ते काकांनी म्हटलं होतं. वाक्य पुरं करून ते पुढच्या मशीनपर्यंतही पोचले नव्हते.

"प्रेसचा ठोका असतो ना ताई, तो दर वेळी सारखाच. त्या दिवशी एक ठोका मऊ आला. मी मागं वळायच्या आधीच मला कळलं."

गेलेल्या हाताच्या भरपाईचा बालाजीचा दावा तेव्हापासून कामगार न्यायालयात पडून होता. कोर्टात बालाजीनं शपथेवर सांगितलं होतं, की बटण मी माझ्या मनानं बांधलं. गावच्या माणसाचं, नोकरी लावणाऱ्याचं नाव त्यानं घेतलं नाही. "माझं नाव त्यानं गिळलं," काका म्हणाले. "आता ते माझ्या पोटात आलंय." म्हणून ते कायदा शिकत होते. वकिलीची सनद मिळाली की बालाजीचं वकीलपत्र घ्यायचं आणि त्याला त्याचे पैसे मिळवून द्यायचे. त्यापलीकडे त्यांना वकिलीशी काही देणंघेणं नव्हतं.

शेवटच्या वर्षी वकिलांच्या आचारनीतीचा विषय असतो. सोपा म्हणून त्याला कोणी गंभीरपणे घेत नाही. एका सकाळी सरांनी नियम वाचला. ज्या खटल्यात आपल्यालाच साक्षीदार व्हावं लागेल असं वकिलाला वाटतं, त्या खटल्याचं वकीलपत्र त्यानं घेऊ नये. काकांनी सरांना तो नियम पुन्हा वाचायला लावला. मग पेन टोपण लावून खिशात ठेवलं.

बाहेर येऊन म्हणाले, "तीन वर्षं घालवून काय शिकलो, तर साक्षीदाराला डिग्री लागत न्हाई."

मी व्यवहारी बाई. मी त्यांना धोके एकेक करून सांगितले. नोकरी जाईल. तुमच्यावरच पोलीस केस होऊ शकते. तशी झाली तर सनद अडकेल. शिवाय बालाजीचं आधीचं बोलणं वेगळं आहे, समोरचा वकील दोघांनाही खोटं पाडेल. काका शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "यादी बरोबर हाय. वकीलपत्र तुम्ही घ्या."

निकाल लागला. मी नोकरी सोडून सनद घेतली. काका पास झाले, पण त्यांनी सनदेचा अर्जच केला नाही. आधी राजीनामा दिला, मग साक्षीदार म्हणून उभे राहिले. कंपनीचा पगार खात तिच्याविरुद्ध बोलायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या वकिलीतला तो पहिला साक्षीदार. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, एकही शब्द इकडेतिकडे न करता.

मग कंपनीचे वकील उठले. मुरलेले, गोड बोलणारे. त्यांनी काकांवर आवाज चढवला नाही. उलट सुटकेचं दारच उघडून दिलं.

"काका, एखाद्यानं एकहाती सामना जिंकला, असं आपण म्हणतो ना?"

"म्हणतो."

"म्हणजे एकट्यानं, हिमतीनं. शाबासकीचा शब्द आहे."

"हाय."

"मग तुम्हीही पोरांना उत्तेजन म्हणूनच 'एकहाती काढा' म्हणाला असाल. त्याचा अर्थ बटण बांधा, असा तर मराठीत होत नाही?"

काकांनी नुसतं "होय" म्हणायचं होतं. पोलीस नको, बदनामी नको, मनावरचं ओझंही हलकं.  मला वाटतं, त्या क्षणी त्यांना मोह झाला असावा. मग म्हणाले, "मराठीत होत न्हाई साहेब. प्रेस शॉपमध्ये होतो."

वेळ संपली होती. उरलेली उलटतपासणी पुढच्या तारखेला ठेवली. बाहेर व्हरांड्यात बालाजी उभा होता, उजवी बाही खिशात खोचलेली. आभार मानेल असं मला वाटलं होतं. तो रागानं काकांसमोर आला.

"साहेब, मी तुमचं नाव घेतलं न्हवतं. तुमी कशाला घेतलं?"

"तू घेतलं न्हाईस म्हणून."

बालाजी पाठ फिरवून निघून गेला. काका त्याच्या मागे चार पावलं गेले आणि थांबले.

पुढच्या तारखेच्या आधीच काका गेले. रावेतच्या घरी, दुपारच्या झोपेत. काकूंनी चहा करून हाक मारली, तेव्हा ते उठले नाहीत.

साक्षीदार मेला आणि उलटतपासणी अर्धी राहिली, तर त्या साक्षीचं वजन किती, यावर कंपनीचे वकील तुटून पडणार होते. मी तयारीला बसले आणि मोबाइलमध्ये काकांचंच ध्वनिमुद्रण सापडलं. मृत माणसाच्या जबाबाचं कलम. त्यांनी ते पूर्ण वाचलं होतं आणि खाली शेरा. "ताई, मेलेला माणूस कोर्टात येऊ शकतो. फक्त त्याला पुढचा प्रश्न विचारता येत न्हाई." मागे कुकरची शिट्टी. मी ते बंद केलं. अजून ते पुसलेलं नाही, आणि पुन्हा ऐकलेलंही नाही. भोसरीत एखाद्या प्रेस शॉपवरून जाताना प्रेसचे ठोके ऐकू येतात, तेव्हा मी नकळत पुढच्या ठोक्याची वाट बघत उभी राहते. तो सारखाच येतो, मग पुढे जाते.

आता एकच वाट होती. बालाजीला पुन्हा साक्षीला बोलवायचं. अर्ज मंजूर झाला, पण बालाजी अडून बसला. "मॅडम, जित्तेपणी घेतलं न्हाई ते नाव, गेल्यावर घेऊ? पैसे न्हाई मिळाले तर राहू द्या."

मी काकूंना यातलं काही सांगितलं नव्हतं. तारखेच्या दिवशी त्या स्वतःहून आल्या, मागच्या बाकावर बसल्या. बालाजी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला. त्यांना पाहून त्यानं मान खाली घातली. काकू बसल्या जागेवरून हळूच म्हणाल्या, "सांग रे बाळा. त्यांचं बोलणं अर्धं राहिलंय."

शिपायानं त्यांना गप्प केलं. बालाजी बोलला. आमच्या साहेबांनी सांगितलं म्हणून बांधलं, असं म्हणून त्यानं काकांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. पहिल्या वेळी खोटं का सांगितलं, यावर म्हणाला, "त्यांचं मीठ खाल्लं होतं." कंपनीच्या वकिलांनी त्याला तासभर पिळलं. तो हलला नाही.

साक्ष टाइप होऊन आली. सही करण्याआधी वाचून घ्यायची असते. बालाजी एकेक ओळ बोटानं वाचत गेला आणि मध्येच थांबला.

"मॅडम, इथं एक राहिलंय."

मी पाहिलं. काही राहिलं नव्हतं.

"साहेब राहिलं. मी साहेब म्हणालो होतो. इथं नुसतंच नाव हाय."

कोर्टाच्या कागदात मानाचे शब्द घालत नाहीत, असं मी त्याला समजावलं. त्यानं पेन खाली ठेवलं. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून बालाजीकडे पाहिलं, मग टाइपिस्टला म्हणाल्या, "तो म्हणाला होता ना तसं? मग घ्या घालून."

टाइपिस्टनं शब्द घातला. बालाजीनं तो वाचला, आणि डाव्या हातानं, वेळ घेत, सही केली.