पडावचा काना

पलटणींची ये-जा बंद झाल्यापासून आमच्या जिल्ह्यातल्या महामार्गावरून माझ्या बायकोच्या मामांइतका सावकाश जाणारा माणूस दुसरा झालेला नाही. हिंगणघाट सोडून हैदराबादच्या बाजूला निघालं, की लोक गाडीच्या काचा वर करतात. मामाजी खाली करतात. उभी नोकरी त्यांनी याच सडकेवर मुकादम म्हणून काढली, खड्डे बुजवले, गिट्टी पसरली, आणि निवृत्त झाल्यावरही सडक आपल्याच ताब्यात आहे अशी त्यांची समजूत आहे. महामार्गाला नंबर असतो हे तर त्यांना मुळीच मान्य नाही. "नंबर मोटारीले असते जवाईबापू, सडकेले नाव असते," आणि ते नाव म्हणजे पलटणीची सडक. गाडीत बसल्या बसल्या ते तिची सगळी वंशावळ सांगतात: आधी बैलांच्या तांड्यांनी पाडलेली वाट, मग त्याच वाटेनं दक्षिणेकडे जाणाऱ्या साहेबाच्या पलटणी, मग मुरूम, मग गिट्टी, मग डांबर. "अन् आता टोल," असं म्हणून ते नाक्याकडे असे बघतात, जणू तांड्यातला एक बैल तिथंच कुणीतरी अडवून ठेवला आहे.

पलटण दिवसभर चालून जिथं मुक्काम करायची, त्या जागेला पडाव म्हणत. मामाजींच्या गावाच्या फाट्यावर असा एक पडाव आहे. एक बांधीव विहीर, पाच-सहा चिंचा, थोडं सपाट मैदान आणि एक मैलाचा दगड, एवढाच त्याचा थाट. पण तिथं उतरून चार पावलं चालल्याशिवाय पुढं जायचं नाही, हा मामाजींचा नियम. माझ्या लग्नाच्या दिवशी मला मांडवात न्यायला तेच आले होते. मुहूर्त डोक्यावर, फेटा घामानं ओला, आणि नवरदेव विहिरीत डोकावतोय! मी जरा कुरकुर केली, तर म्हणाले, "अख्खी पलटण थांबे इथं. तुमी कोन लागून गेले?" संसारात माझी जागा कुठली, हे मला अक्षता पडण्याआधीच कळलं.

पुढं सडक चौपदरी झाली आणि उड्डाणपूल थेट पडावाच्या डोक्यावरून गेला. बस वरून जाऊ लागली, थांबा बंद झाला. गावातल्या बायाबापड्यांना पुढच्या थांब्यावर उतरून भर उन्हात मागं चालत यावं लागे. मामाजी मात्र दर वेळी कंडक्टरकडे "एक पडाव" मागत.

"काका, असा थांबाच नाई मशीनमंदी."

"मशीन कालची हाय. पडाव पाहा किती जुना हाय!"

"मंग पलटणीसंगच जा ना, काका!"

सगळी बस हसली. त्या दिवशी मामाजी तडक आमच्याकडे सिंदी मेघ्याला आले. "जवाईबापू, नाव गेलं का जागा बी गेली समजा. अर्ज लिहा. बस खालच्या सडकेनं आली पायजे, अन् थांब्यावर पडावची पाटी लागली पायजे."

अर्ज मीच लिहिला. आमच्या घरात माझं अक्षर चांगलं मानतात, कारण दुसरं कुणी काही लिहीतच नाही. मामाजींनी वर्षभर हेलपाटे घातले आणि एके दिवशी बस खरोखर खाली उतरली, पाटीही लागली. पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: पाडवा.

"मामा, पुरनपोळी कवा?" कुणीतरी विचारलं. मामाजी काही म्हणायच्या आत मीच तावातावानं ओरडलो, "काय हे कारकून लोक! साधं नाव लिहिता येत नाही!" घरी येऊन अर्जाचा खर्डा काढून पाहिला. 'ड'चा काना मी 'प'ला दिला होता. 'पाडव' हा अर्धवट शब्द कुणा बिचाऱ्या भल्या माणसानं पुरा केला होता. मी खर्डा फाडला आणि पुढं दोन वर्षं कारकुनाला शिव्या देत राहिलो. कंडक्टर "पाडवा, पाडवा!" ओरडत, आणि मामाजी दर वेळी तेवढ्याच ठामपणे "पडाव" म्हणून दुरुस्त करत.

परवा त्यांना गाडीनं घेऊन गेलो. गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून पुलाखालच्या सावलीत मैलाच्या दगडावर बसवलं. पाटी दिसताच मी सवयीनं कारकुनाचा उद्धार सुरू केला. मामाजींनी पिशवीतून घडी पडलेला कागद काढला. माझाच अर्ज, कान्याभोवती लाल गोल.

"पोच घेतलेली कॉपी हाय. मुकादम व्हतो मी, पोच नाई सोडत."

"मग बोलले काऊन नाई?" भीतीनं मीही वऱ्हाडीत आलो.

"तुमी इतक्या जोशात शिव्या देऊन राह्यले होते. म्हनलं, थकतीन तवा सांगू." मग कागदाची घडी घालत म्हणाले, "बायांचं उन्हात चालनं त थांबलं ना? तांड्याचा पडाव पलटणीनं घेतला, पलटणीचा बसनं. एक काना सरकला त सरकला."

तेवढ्यात बस आली. "पाडवा! चला, पाडवावाले!" मी मामाजींकडे पाहिलं. ते विहिरीकडे बघत बसले होते, ओठ हलले नाहीत. बस निघाली, तसा मीच हळूच म्हणालो, "पडाव."