ओव्याच्या फुलाचा ड्रम

ठकीमावशीच्या अंगाला ओव्याचा वास येतो. शिफ्टच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसलेल्याची सर्दी फुकटात बरी होते, असं आम्ही तिला चिडवतो. मनोरजवळच्या पाड्यावरची ही बाई नऊ वर्षं कुंभवलीजवळच्या आमच्या कारखान्यात ओव्याचं फूल ड्रममध्ये भरते. फूल म्हणजे थायमॉलचे पांढरे खडे. खोकल्याच्या औषधात जातात, पण हाताला लागले की आग करतात. हातमोजे फाटले तरी मावशी तोंड उघडत नाही, याचा मला संताप येतो. या कामाआधी दर दिवाळीनंतर तिचं अख्खं घर वीटभट्टीवर जायचं. आता मुलगी तेजल एका जागी राहून अकरावी शिकतेय.

मी, वैभवी, तिथे लॅबमध्ये नवी केमिस्ट. तपासून उरलेले नमुने ड्रममध्ये परत टाकायचे, ही आमच्याकडची जुनी रीत.

मे महिन्यात एका सकाळी मावशीनं भरलेला ड्रम उघडला, तर वरचे खडे विरघळून पातळ झालेले. सुपरवायझर सुजित तिच्यावर ओरडलाच.

“ओल्या हातानं भरलंस. पाणी गेलं आत. उद्यापासून गेट बंद तुला!”

“पानी नाय सायेब,” मावशी म्हणाली. तिनं ग्लासभर पाणी आणून त्यात ते पातळ चमचाभर ओतलं. ते तेलासारखं वर तरंगलं. “पानी असतं तं मिसळलं असतं. ह्यात पुदिन्याचं फूल पडलंय. आमी पोटदुखीचं औषध करतो घरी. दोन्ही फुलं एकत्र केली का पातळ होतात.”

पुदिन्याचं फूल म्हणजे मेन्थॉल. त्याच्या उरलेल्या नमुन्यांची बरणी आदल्या दिवशी मीच त्या ड्रममध्ये रिकामी केली होती. तेही खडे पांढरेच. मी लेबल वाचलं नव्हतं. आणि मावशी तेव्हा शेजारीच उभी होती.

“मग टाकलं कुणी?” सुजितनं विचारलं.

“माला नाय ठाव,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

स्वतःचं काम जायची वेळ आली होती, तरी ही बाई मला वाचवत होती. मला भयंकर लाज वाटली.

“मी टाकलं, सर,” मी म्हणाले.

सुजितचा आवाज एकदम खाली आला. “असू दे हो मॅडम, होतं असं कधीकधी,” म्हणत तो हसला. मग मावशीकडे वळला.

“बघत काय उभी राहिलीस? ड्रम पूस.”